आप्पांच्या हार्टसाठी रान विकायचं म्हणतात, मी सही करू का?

पत्र मोठं आहे, नावगाव काढून थोडक्यात देते. माहेर खानापूर तालुक्यात, सासर निपाणीला, वय ३४. वडील, म्हणजे आप्पा, ६१ वर्षांचे. दोन वर्षांमागे रात्री छातीत दुखायला लागलं, पित्त असेल म्हणून सोडा पिऊन रात्र काढली, सकाळी बेळगावला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा इकोमध्ये ईएफ, म्हणजे हार्ट रक्त किती ढकलतं तो आकडा, ३० टक्के होती, गेल्या महिन्यात २८ आली. माडीचा जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पायाला सूज असते. डॉक्टर म्हणाले, आता वेगळं काही करायचं नाही, औषधं चालू ठेवा. मग पाहुण्यांच्या ओळखीतला एक माणूस घरी आला. एका मोठ्या शहरात स्टेम सेलनं, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींनी, हार्ट परत तयार करतात म्हणाला, स्वतःच्याच पेशी, ऑपरेशन नाही, साईड इफेक्ट नाही, तीन सिटिंग, साडेसहा लाख, ईएफ ५० पर्यंत जाते. मोबाईलवर बऱ्या झालेल्या पेशंटांचे व्हिडिओ पण दाखवले. भाऊ बेळगावच्या उद्यमबागला कामाला आहे, त्यानं २० गुंठे विकायला काढलेत, गिऱ्हाईक ठरलंय, आता कागदावर बहिणीची सही पाहिजे. "सही केली तर पैसे बुडतील असं वाटतंय, नाही केली तर सगळी भावकी म्हणणार जमिनीवर डोळा ठेवून बापाला मारलं. दादा म्हणतो, आप्पा डोळ्यादेखत झिजूलालेत आणि तू हिशोब घालूलालीस. आप्पा काहीच बोलत नाहीत. काय करू?"

ताई, दोन पानं तुम्ही स्टेम सेलबद्दल लिहिलंय आणि सहीचं शेवटच्या चार ओळींत, पण खरा घोर त्या चार ओळींचाच आहे हे कळतंय, म्हणून तिथूनच सुरू करते. रान वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या कायद्यानं तुमचा हक्क भावाइतकाच आहे, सुप्रीम कोर्टानं २०२० ला ते परत स्पष्ट केलंय. आणि ते आप्पांनी स्वतः कमावलेलं असेल तर कायद्यानं तुमच्या सहीची गरज नाही, तरी गिऱ्हाईक पुढची कटकट नको म्हणून मागतंच. कसंही असलं तरी तुम्ही सही केली म्हणजे कुणावर उपकार नाहीत आणि थांबवली म्हणजे पाप पण नाही. आपल्याकडं बहिणीनं सही न वाचता करायची हीच रीत पडलीय, त्यामुळं नुसतं विचारलं तरी लोकांना ती अडवणूक वाटते.

माझं मत लगेच सांगून टाकते, या कामासाठी सही करू नका. का ते आता सांगते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, तो २८ चा आकडा. घरातले सगळे बहुतेक असं धरून बसलेत की १०० पैकी २८ हार्ट उरलंय आणि दोन वर्षांत अजून दोन टक्के गेलं. तसं नसतंय ते. डावा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्तातलं किती रक्त बाहेर ढकलतो तो हा आकडा, चांगल्या तरण्या माणसाची पण १०० नसते, ५५ ते ७० च्या आसपास असते. आणि इको करणारा बदलला, मशीन बदललं, त्या दिवशी बीपी वेगळं असलं तरी पाचेक टक्के इकडंतिकडं होतंय. म्हणजे ३० चे २८ झाले याचा अर्थ आप्पा खाली चाललेत असं त्यावरनं म्हणता येत नाही. हेच उलटं पण लावून बघा, व्हिडिओतल्या काकांची २५ ची ३५ झाली म्हणतात ती कशानं झाली, सुईनं, गोळ्यांनी, का इको दुसरीकडं केला म्हणून? व्हिडिओत ते काका गोळ्या कुठल्या घेतात हे कुणी सांगत नाही.

आता स्टेम सेल. दादाला येडा म्हणू नका, कारण ही कल्पना कुणा भोंदूनं काढलेली नाही. २००१ साली नेचर या मोठ्या सायन्स मासिकात अमेरिकेतल्या पिएरो अन्वेर्सा यांच्या टीमनं छापलं की उंदरांच्या हार्टच्या मेलेल्या भागाजवळ बोन मॅरोच्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, पेशी सोडल्या आणि नवीन स्नायू तयार झाला. जगभर खळबळ झाली आणि काही वर्षांतच माणसांवर प्रयोग सुरू झाले. पण २००४ मध्येच दुसऱ्या लॅबवाल्यांनी तोच प्रयोग करून बघितला तर बोन मॅरोच्या पेशी हार्टचा स्नायू होतच नाहीत असं दिसलं. शेवटी २०१८ ला हार्वर्डनं आणि त्यांच्या हॉस्पिटलनं स्वतः सांगितलं की अन्वेर्सांच्या लॅबमधले ३१ पेपर मागे घ्या, त्यातली माहिती खोटी किंवा फिरवलेली आहे. ज्या लॅबच्या कामावर ही आशा मोठी झाली तिचंच काम असं निघालं.

तरी प्रामाणिक डॉक्टरांनी प्रयोग सोडले नाहीत हे पण सांगायला पाहिजे. युरोपात अटॅकनंतर लगेच बोन मॅरोच्या पेशी देऊन माणसं जास्त जगतात का बघायला ३००० पेशंट घ्यायचं ठरलं होतं, मिळाले ३७५, आणि २०२० ला निकाल आला त्यात ठाम असं काही हाती लागलं नाही. मग आप्पांसारख्या, हार्ट अशक्त झालेल्या ५०० च्या वर पेशंटांवर अमेरिकेत ट्रायल झाली, २०२३ ला छापून आली. ज्या कामासाठी पेशी दिल्या ते, म्हणजे परत परत ॲडमिट व्हायला लागणं कमी करणं, ते जमलं नाही. अटॅक आणि स्ट्रोक कमी दिसले, त्यावर पुढं काम चालू आहे, चांगलं आहे, पण एवढ्यावर कुणी साडेसहा लाखाची पावती फाडावी असं काही त्यात नाही.

असं का होतं तर सोडलेल्या पेशी तिथं टिकतच नाहीत. तरवा लावला आणि रोपानं मूळ धरायच्या आत पाणी येऊन वाहून गेला तसं, बहुतेक पेशी काही दिवसांत जातात. आणि ट्रायलमध्ये निदान कॅथेटर घालून थेट हार्टच्या आत देतात, पैसे घेऊन करणारे पुष्कळ ठिकाणी नुसती हाताच्या शिरेतून सलाईनसारखी लावतात. शिरेतून दिलेल्या पेशी आधी फुफ्फुसात जाऊन अडकतात, हार्टपर्यंत पोचतात किती? "तीन सिटिंग" म्हटलं की मला तर आधी सलाईनच डोळ्यासमोर येतंय. त्या माणसाला एवढंच विचारा की पेशी कुठल्या घेणार, कमरेच्या हाडातल्या, पोटाच्या चरबीतल्या, का दुसऱ्या कुणाच्या नाळेतल्या, आणि देणार कुठून. बघा काय उत्तर देतो ते.

"स्वतःच्याच पेशी, मग साईड इफेक्ट कसला" हे ऐकायला बरोबर वाटतं आणि यानंच जास्त माणसं फसतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांनी डोळ्यांसाठी स्वतःच्याच चरबीतल्या पेशी टोचून घेतल्या, ५००० डॉलर भरून, आणि तिघींची नजर गेली, २०१७ ला मेडिकल मासिकात ते सगळं छापून आलंय. पेशी स्वतःच्या असल्या तरी बाहेर काढून कुठं ठेवल्या, कशानं धुतल्या, इन्फेक्शन झालं का, हे सगळं असतंयच की. आणि त्यात काही बिघडून ठोक्यांचा घोळ झाला तर ज्या हार्टची ईएफ २८ आहे त्याला तो परवडत नाही.

आणि कायदा. आपल्या देशात आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याची २०१७ ची नियमावली आहे, त्यात स्टेम सेलचा रोजचा उपचार म्हणून वापर मान्य आहे तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटला, म्हणजे रक्ताच्या आणि त्यासारख्या ठरलेल्या आजारांना. हार्ट त्यात नाही. हार्टसाठी द्यायचं असेल तर ते फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मग साडेसहा लाख कशाचे? ट्रायल आहे म्हणत असतील तर सीटीआरआयचा नंबर मागा, देशातल्या सगळ्या ट्रायल तिथं नोंदवायला लागतात आणि वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. नंबर दिला तरी पैशाचा प्रश्न विचारायचाच, कारण नोंद असली म्हणजे पैसे घ्यायची मुभा मिळाली असं नाही. अजून एक, खऱ्या ट्रायलचा संमतीचा कागद पेशंटला कळणाऱ्या भाषेत असायला लागतो. आप्पांना मराठीच वाचता येत असेल तर मराठीत मागायचा, इंग्लिश नाहीतर कन्नड कागदावर "इथं इथं सही करा" म्हणून बोट दाखवलं तर उठून यायचं.

दादा म्हणेल, मग सायन्स पुढं गेलं ते काय खोटं? खोटं नाही. जपानमध्ये ओसाकाला जानेवारी २०२० मध्ये पेशंटच्या हार्टवर प्रयोगशाळेत तयार केलेल्या, खरोखर धडधडणाऱ्या पेशींचा पातळ पडदा बसवला. जर्मनीत ग्योटिंगेनला तसाच जाड पॅच करतात, २०२५ च्या जानेवारीत एका ४६ वर्षांच्या बाईचं उदाहरण त्यांनी छापलं. पण हे दोन्ही छातीवर ऑपरेशन करून बसवतात, आणि जर्मनीवाल्या पॅचसोबत तो शरीरानं नाकारू नये म्हणून जोरदार गोळ्या पण चालू ठेवायला लागतात. ऑपरेशन नाही, साईड इफेक्ट नाही, असं ते स्वतःसुद्धा म्हणत नाहीत. घरी आलेल्या माणसानं नाव या कामाचं घेतलंय आणि विकतोय वेगळंच.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. डॉक्टरांचं "वेगळं काही करायचं नाही, औषधं चालू ठेवा" हे तुमच्या घरानं "हात टेकले" असं ऐकलंय. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, बाहेर शंभर माणसं, कुणी समजावून सांगत नाही, त्यात तुमची चूक नाही. पण अशक्त हार्टच्या औषधांत गेल्या दहा वर्षांत जेवढी सुधारणा झाली तेवढी स्टेम सेलमध्ये झालेली नाही. चार प्रकारच्या गोळ्या आहेत आणि चालत असतील तर चारही द्यायच्या असतात. एक सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, दुसरी मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल यातली एक, तिसरी स्पायरोनोलॅक्टोन नाहीतर एप्लेरेनोन, आणि चौथी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. सूज उतरवायची लघवीची गोळी या चारांत धरू नका, ती वेगळी. चौथी गोळी मूळ शुगरची, म्हणून पुष्कळ घरांत "आमच्या आप्पांना शुगर कुठाय" म्हणून कुणीतरी शहाणा ती बंद करतो. २०१९ ला ४७४४ पेशंटांची ट्रायल झाली, त्यात शुगर नसलेल्यांना पण तेवढाच फायदा दिसला, हार्टनं मरण येणं किंवा हार्ट बिघडून ॲडमिट व्हायला लागणं चौथ्या हिश्श्यानं कमी झालं. स्टेम सेलच्या कुठल्या ट्रायलनं असं दाखवलंय?

आणि या गोळ्या आता तेवढ्या महाग राहिल्या नाहीत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० ला संपलं, सॅक्युबिट्रिलवालीच्या पण स्वस्त कंपन्या २०२३ पासून आल्यात. दोन वर्षांमागे महाग म्हणून लिहून दिली नसेल तर आज परत विचारायला पाहिजे. शिवाय या गोळ्या लहान डोसवर सुरू करतात आणि बीपी, किडनी, पोटॅशियम बघत काही आठवड्यांनी वाढवत नेतात. आपल्याकडं होतं काय तर डिस्चार्जच्या दिवशी जो डोस लिहिला तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून दोन वर्षं गोळ्या आणतात, वाढवायला कुणी गेलेलंच नसतं. तुम्ही पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा कॅरीबॅगमधल्या सगळ्या स्ट्रिप्स खाटेवर ओता. कुठली स्ट्रिप अर्धी आहे, कुठली एक्सपायर झालीय, कुठली एकाच औषधाची दोन नावांनी आलीय, फोटो काढा. त्यातच डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असली गुडघेदुखीची गोळी सापडली तर डॉक्टरांना ती आधी दाखवा, या गोळ्या अंगात पाणी धरतात आणि अशा हार्टला वाईट. शेतातली माणसं त्या चहासोबत घेतात, औषध म्हणून मोजतच नाहीत. मात्र स्वतःच्या मनानं काही बंद-चालू करू नका.

मिठाचं पण तसंच. भाजीत मीठ कमी केलं म्हणतात आणि ताटात लोणचं, सांडगे, खारातली मिरची, वर सुका बांगडा. घरात वजनकाटा आणा, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर आप्पांचं वजन कॅलेंडरवर लिहायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करायचा, दम लागेपर्यंत थांबायचं नाही. आप्पा तंबाखू खातात का ते तुम्ही लिहिलेलं नाही. खात असतील तर त्याचं काय ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, "आयसीडी लागेल का?" योग्य औषधं निदान तीन महिने घेऊन पण ईएफ ३५ च्या खालीच राहिली तर ठोके अचानक बिघडून माणूस जायचा धोका असतो, त्यासाठी कॉलरबोनखाली एक मशीन बसवतात, ते शॉक देऊन ठोका जागेवर आणतं. ईसीजीत विशिष्ट बदल असेल तर सीआरटी म्हणून दुसरं मशीन असतं, त्यानं काही जणांची ईएफ खरंच वाढते. प्रत्येकाला लागत नाही, पण २८ असताना विषय निघालाच नसेल तर काढायला पाहिजे. एका डॉक्टरांवर समाधान नसेल तर दुसरं मत घ्या, बेळगावला केएलई हॉस्पिटल आहे, निपाणीहून तुम्हाला कोल्हापूर जवळ, आणि बेंगळुरूचं जयदेव हे हार्टचं हॉस्पिटल सरकारी आहे. खर्चाचं म्हणाल तर कर्नाटकच्या आयुष्मान आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, एपीएलला, म्हणजे बीपीएल कार्ड नसलेल्यांना, पॅकेजच्या ३० टक्के. महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना जाहीर केली, त्यावरनं दोन सरकारांचं भांडण झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंच. कुणाचा कागद कुठं चालतो ते निघायच्या आधी हॉस्पिटलच्या काउंटरला फोन करून विचारा, तिथं जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

राहिला दादा. त्या सोडा पिलेल्या रात्री घरात तोच असणार ना? तुम्ही निपाणीत होता, आई घाबरलेली, आणि "सकाळी बघू" हे कुणीतरी ठरवलं. तसं स्पष्ट लिहिलं नाहीय तुम्ही, पण हा माणूस साडेसहा लाख देऊन ती एक रात्र फेडायला निघालाय असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं. त्याला ट्रायलचे आकडे सांगून तुम्ही जिंकाल आणि तो अजून हट्टाला पेटेल. त्याच्याशी एकटीनं बोला, भावकी नको, तुमचे मिस्टर पण नकोत. "सही देणार नाही" असं म्हणू नका, कारण खरं तर तुम्ही तसं म्हणतच नाही आहात. म्हणा, "दादा, आप्पांना मशीन लागलं, ऑपरेशन लागलं, डॉक्टरांनी लेखी दिलं तर मी त्याच दिवशी रजिस्ट्रार ऑफिसला येते, माझा हिस्सा पण त्यातच घाल. पण आधी तीन महिने गोळ्यांचा डोस नीट करून बघूया, ओपीडीला मी पण येते." आणि हे व्हॉट्सॲपवर पण लिहून ठेवा, उद्या कुणी काही बोललं तर तुमच्याकडं असावं. भावकी बोलायची ती बोलणारच, सही केली आणि गुण आला नाही तरी बोलणारच.

त्यातून आप्पांना विचारायचं राहू नये. रान त्यांचं, हार्ट त्यांचं, आणि सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलताहेत. गप्प आहेत म्हणजे तयार आहेत असं नाही, कदाचित पोराला वाईट वाटेल म्हणून गप्प असतील, कदाचित आशा पण असेल, ती असली तर तिची चेष्टा करू नका. नुसतं विचारा, आप्पा तुम्हाला काय जमायला पाहिजे? ईएफ ५० कुणाला पाहिजे असते, माणसाला पाहिजे असतं बांधापर्यंत चालत जाणं, नातवाला शाळेत सोडणं, रात्री सपाट झोपायला मिळणं. यातलं काय पाहिजे ते डॉक्टरांना सांगता येतं आणि गोळ्या नीट केल्या तर त्यातलं पुष्कळ जमतं पण.

दादानं टोकन दिलं असेल तर आत्ताच परत मागा, तोंडी नाही, लेखी किंवा मेसेजवर, आणि पावती नसेल तर पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असाच माणूस येऊन गेला असेल त्यांनी त्यानं दिलेलं छापील पत्रक टाकून देऊ नका. हार्टचा आजार बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पत्रक आणि व्हिडिओची लिंक घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं तक्रार देता येते. आणि रात्री छातीत दुखलं तर सोडा नको, जवळच्या तालुका सरकारी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा, कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत अटॅक असेल तर गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट देतात. तुमच्या तालुक्यात ते चालू आहे का, हे आज दुपारीच फोन करून विचारून ठेवा.